कुंपण सरकवताना

पाचगणीला आमच्या शेजारचे गणपतकाका घोडे पाळायचे. चरून गवत संपलं की ते दोरीचं कुंपण पुढे सरकवत. त्या सकाळी त्यांनी पहिली खुंटी उपटताच सगळे घोडे कान टवकारून दोरीशी येऊन उभे राहिले. आजारी चंद्री घोडी मात्र मागेच होती. तीन दिवस तिने गवताला तोंड लावलं नव्हतं.

"आज तरी खाईल का हो?" मी विचारलं.

"बघू," काका म्हणाले आणि माझ्याकडे न बघताच त्यांनी दुसरी खुंटी उपटली.

दोरी खाली पडली. घोडे कोवळ्या गवतात घुसले. चंद्री हलली नाही. आशा धरायलाही अंगात थोडं बळ लागतं, असं मला वाटून गेलं. मग तिने एक पाऊल टाकलं, जरा थांबून दुसरं टाकलं आणि मान खाली घातली. गवत तुटल्याचा आवाज आला, तसे काका तिथेच मटकन बसले.