वहिनींचं पाणी

फोन आला तेव्हा मी दुकानात एका गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होतो. माझं खत-बियाणांचं दुकान, आणि हुज्जत घातल्याशिवाय माझा दिवस जात नाही. लातूरच्या दवाखान्यातून पुतणी बोलत होती. "काका, आई गेली," एवढंच म्हणाली. समोरच्या माणसाला काय समजायचं ते समजलं असावं. त्यानं हातातली पिशवी परत थप्पीवर ठेवली आणि निघून गेला. सुमनवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर पहिली-दुसरीचे वर्ग सांभाळले. भाऊ गेल्यावर घरात एकट्याच राहायच्या, पण कळंबला आमची दोन्ही घरं भिंतीला भिंत लावून. मधल्या भिंतीवर त्यांनी लाटण्यानं दोनदा ठोकलं की चहा झाला, असं मी समजायचं. आता महिना होऊन गेला, तरी चारच्या सुमाराला कान तिकडंच जातो.

त्याच्या दहा दिवस आधी त्यांना गाडीत बसवताना मी शेवटचं बोललो. धाप लागलेली, पाय सुजलेले, आणि बाई मला काय सांगतात तर, "भाऊजी, सकाळी पेटीचा लाईट लावा, संध्याकाळी बंद करा. माशांना चिमूटभर खाद्य, जास्त नाही. आणि पाण्याला हात लावू नका." मी वैतागलो. "वहिनी, आधी तुमचं बघा. पाण्याचं काय घेऊन बसलाव?" त्या म्हणाल्या, "माझं डॉक्टर बघतील. पाण्याचं तुम्हीच बघायचंय." गाडी निघाली. मी हात केला की नाही, ते आता आठवत नाही.

ही पेटी घरात आली त्याला दोन वर्षं झाली. वहिनींना मोतीबिंदू दाखवायला मी लातूरला घेऊन गेलो होतो. तिथं डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत माशांची काचेची पेटी होती. वहिनी तिच्यासमोर अशा बसल्या, की त्यांच्या नावाचा पुकारा झाला, दुसरं नाव लागलं, तरी जागच्या हलल्या नाहीत. मी दंडाला धरून उठवलं तेव्हा म्हणाल्या, "मासे खरे आहेत भाऊजी, पण झाडं खोटी आहेत. प्लास्टिकची. बिचाऱ्यांना कळत असंल का?" मला वाटलं, विषय तिथंच संपला. पण ऑपरेशन झाल्यावर महिन्याभरात नवीन डोळ्यांनी मोबाईलवर काय काय बघून त्यांनी वहीत उतरवून घेतलं आणि मला घेऊन परत लातूर गाठलं. दोन फुटांची काचेची पेटी वाकळीत गुंडाळून आम्ही एसटीनं आणली. कंडक्टरनं विचारलं, "काका, काय हाय ह्यात?" माझ्या तोंडून पटकन निघालं, "टीव्ही." साठी ओलांडलेली दोन माणसं माशांची पेटी घेऊन चाललीत, हे सांगायची मला लाज वाटली. घरी आल्यावर वाकळ सोडता सोडता वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, लोकांचं लई मनावर घेता तुम्ही." ते वाक्य पुढं मला असं परत भेटंल, हे तेव्हा कुठं माहीत होतं.

मग सुरू झालं एकेक. माझ्या रानातली काळी माती मागवली. ती वाळवली, ढेकळं फोडली, पिठाच्या चाळणीनं चाळली आणि पेटीच्या तळाला दोन बोटं जाड पसरली. मी म्हटलं, "दुकानात एवढं खत पडलंय, टाकू का मूठभर युरिया?" त्यांनी पहिलीतल्या पोराकडं बघावं तसं माझ्याकडं बघितलं. "टाका की. मग मासे आणायचीच गरज नाही." मातीवर मांजरा नदीची वाळू. ती त्यांनी इतक्या वेळा धुतली, की माझा जीव वरखाली व्हायला लागला. आमच्याकडं नळाला आठव्या दिवशी पाणी. रानात पीक वाळायलंय आणि ह्या बाई वाळू धुवायल्यात. पण त्यातला एक थेंब वाया घालवला नाही त्यांनी, सगळं कढीपत्त्याच्या बुडात ओतलं. नळाचं पाणी दोन दिवस बादलीत उघडं ठेवलं, का तर त्यातलं औषध उडून जायला पाहिजे. वाळूवर पितळी ताट पालथं ठेवून त्यावर तांब्यानं हळूहळू पाणी सोडलं, म्हणजे खालची माती उसळत नाही. मग लांब चिमट्यानं एकेक रोप वाळूत खोचलं. पाठीमागं उंच गवतासारखी, पुढं बुटकी. सगळं झालं, लाईट लावला आणि मी खुर्ची ओढून बसलो. "आणा आता मासे." त्या म्हणाल्या, "मासे सव्वा महिन्यानं. आधी पाणी पिकायला पाहिजे."

पाणी पिकायला पाहिजे! शेतकऱ्याच्या पोटी जन्मलो, शेतकऱ्यांना बियाणं विकत म्हातारा झालो, पण पाणी पिकतं हे पहिल्यांदाच ऐकलं. चौथ्या दिवशी ते पाणी ताकासारखं पांढुरकं झालं. मी म्हटलं, नासलं, ओतून टाका. त्यांनी माझा हात धरला. "विरजण लावलेल्या भांड्यात बोट घालून बघता का तुम्ही?" मग मला समजावून सांगितलं. माशांच्या घाणीचं पाण्यात विष होतं. ते विष खाणारे, डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. ते वाळूत, झाडांच्या मुळांना, गाळणीच्या स्पंजात घर करतात. त्यांना यायला वेळ लागतो, त्यांना घाई चालत नाही. विष खाऊन पाणी सुधारणारे ते जीव तयार झाले, की मग मासे. पुढचे तीस-पस्तीस दिवस मी रोज चहाला जायचो आणि चेष्टा करायचो, "वहिनी, मासे कुठंयत?" त्या त्या मोकळ्या पाण्याकडं बघत सांगायच्या, "यायलेत."

आणि आले. अकरा मासे, त्यातले काही निळ्या पट्ट्याचे, माझ्या करंगळीच्या पेराएवढे. पहिल्या दिवशी ते झाडांत शिरले आणि वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. भाऊ गेल्यापासून मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं, तेव्हाही नव्हतं बघितलं, आणि ह्या हातभर पेटीतल्या बोटभर माशांसाठी बाई रडायला लागल्या... मी तोंड फिरवून चहा संपवला. त्याच पाण्यातली एक फांदी आणि एक गोगलगाय त्यांनी लोणच्याच्या काचेच्या बरणीत घालून मला दुकानात ठेवायला दिली. "गिऱ्हाइकाशी भांडताना मधून मधून ह्याच्याकडं बघत जावा." मी ती बरणी काउंटरच्या कोपऱ्यात ठेवली. पुढं तिच्यासमोर बियाण्यांची पाकिटं आली, तिच्यामागं औषधांच्या बाटल्या आल्या, आणि बरणी मी विसरून गेलो.

आता जे सांगायचंय ते सांगतो. वहिनींना लातूरहून आणलं, अग्नी मी दिला. स्मशानातून परतलो तर घर धुऊन झालेलं. आमच्यात माणूस गेलं की घरात भरून ठेवलेलं पाणी ओतून टाकतात. बायकांनी घागर, हंडा, पिंप, सगळं रितं करून पालथं घातलं होतं. माझी आत्या तामलवाडीहून आली होती. नव्वदीला टेकलेली, वहिनींवर तिचा लेकीसारखा जीव. ती भिंतीला टेकून बसली होती. तिनं पेटीकडं बोट करून मला म्हटलं, "ह्ये काचंचं राह्यलंय. ह्यातलंबी पाणी सुतकातलंच की रं, बाळू." दोन चुलत पुतणे उठले. माझ्याकडं बघून म्हणाले, "काका, ओतायचं का?" खोलीत वीसेक माणसं होती. मला सगळं आठवत होतं. पाण्याला हात लावू नका, हे शब्द त्यांच्या आवाजासकट आठवत होते. छतावरच्या हजार लिटरच्या टाकीतलं पाणीही त्याच घरातलं होतं आणि ते कुणी ओतलं नव्हतं, कारण नळ आठ दिवसांनी येतो. हेही मला दिसत होतं. मी तोंड उघडलं. मग वाटलं, वहिनीची चिता अजून पेटलेली आणि हा म्हातारा माशांसाठी भांडतोय असं म्हणतील... आणि मी मान हलवली. व्हय म्हणून.

नुसती मान हलवून थांबलो असतो तरी बरं. पण काहीतरी करत राहिल्याशिवाय मला तिथं बसवत नव्हतं. मासे बादलीत काढले. पाणी मोरीत ओतलं. काळपट, जुनं, रानातल्या ओल्या मातीचा वास असलेलं पाणी होतं ते. वाळू उपसून खळखळून धुतली. स्पंज पिळून पिळून पांढरा केला. नेमका तेवढ्यात नळ आला, सरळ पाईप लावून पेटी भरली आणि मासे आत सोडले. पाणी एवढं स्वच्छ दिसत होतं, की आत्या म्हणाली, "आता बघ, कसं नितळ झालं." तिसऱ्या दिवशी सकाळपर्यंत अकराच्या अकरा मासे वर आले होते. मी ते कढीपत्त्याच्या बुडात पुरले. पुतणी दारात उभी राहून बघत होती. ओरडली नाही, दोष दिला नाही. इतकंच विचारलं, "काका, आईचं पाणी कुठंय?"

चौदाव्यानंतर दुकान उघडलं. काउंटर पुसायला घेतलं तर पाकिटांच्या मागं हाताला बरणी लागली. पाणी आटून तिसरा हिस्सा राहिलं होतं. पानं पिवळी पडलेली, एकच शेंडा हिरवा. तळाशी काळा गाळ, आणि काचेला चिकटलेली ती गोगलगाय मेली असंल असं वाटलं. तेवढ्यात ती सरकली. मी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं आणि तिथंच पोत्यावर बसून रडलो. त्या घरातलं पाणी ओतलं त्या दिवशीही रडलो नव्हतो.

मग वहिनींच्या पेटीच्या तळाची माती बदलली. नवी चाळली, वाळू परत धुतली, पाणी दोन दिवस बादलीत ठेवलं. पितळी ताट वहिनींच्या देवघरामागंच होतं. ते पालथं घालून तांब्यानं पाणी सोडलं. तरी थोडी माती उसळलीच. ती एकुलती एक फांदी खोचली आणि बरणीतलं सगळं, गाळासकट, गोगलगायीसकट, आत ओतलं. चमचाभर विरजण ते. लागंल का नाही, मला माहीत नाही. ह्यानं ते अकरा मासे परत येत नाहीत आणि वहिनींचा मोडलेला शब्दही भरून निघत नाही, एवढं मला कळतं.

परवा महिन्याचं श्राद्ध झालं. पंगत त्याच खोलीत बसली होती, जवळजवळ तीच माणसं. पेटी भरून चारच दिवस झालेले, पाणी ताकासारखं पांढुरकं. आत्यानं घास हातात धरूनच म्हटलं, "ह्ये नासलंय रं बाळू. जेवणं झाली की ओतून टाक, नवं भर." सगळ्यांनी पेटीकडं बघितलं, मग माझ्याकडं. पुतणी वाढता वाढता थांबली.

मी म्हटलं, "न्हाय आत्या. ह्या पाण्याला कुणी हात लावायचा न्हाय."

"मासं तर दिसंनात ह्यात."

"यायलेत," मी म्हटलं.

आत्या "बरं" म्हणाली आणि पोळीचा तुकडा मोडला. बाकीचेही जेवायला लागले, कुणीतरी आमटी मागितली. एवढंच होतं ते... पाणी ओतलं त्या दिवशीही एवढंच बोलायचं होतं.