तांबटाची टुकटुक
रस्त्याकडेच्या झाडावर आजाऱ्याचा काही हक्क असतो की नाही? चिरलेल्या ओल्या लाकडाचा वास आला की मला नव्वदच्या दशकातलं, कानडी मुलखातलं आमचं मल्लेश्वरम आठवतं. पक्षाघातानंतर बाबा वाक्य सुरू करून पुढचं विसरायचे; पण दारातल्या झाडावर तांबट पक्ष्याची टुकटुक सुरू झाली की त्यांचं लक्ष एकवटायचं आणि वाक्य पुरं व्हायचं. रस्ता रुंद करायला माणसं आली, तेव्हा आई मुकादमाला म्हणाली, “अण्णा, स्वल्प थांबा, हे त्या आवाजावर बोलतात.” तो मान डोलावत हसला, “सरी अक्का, मग रेडिओ लावा की!” झाड पडल्यावर आम्ही खरंच रेडिओ लावला. बाबा म्हणाले, “बंद...” आणि खिडकीकडे पाहत राहिले. त्यानंतर त्यांचं एकही वाक्य पुरं झालं नाही. तुमच्या गल्लीत करवत आली, तर आधी तिच्यासमोर उभे राहा. वाद मागाहून घाला.