वायपरची घरघर

माझा मामा जुन्या गाड्यांचा इलेक्ट्रिशियन. घराची पुढची खोली म्हणजेच त्याचं दुकान, त्यामुळे मामीच्या घडी केलेल्या कपड्यांवर कुणाचा तरी हॉर्न हमखास पडलेला असायचा. वायपर बंद पडला की लोक लगेच नवी मोटर आणायला धावतात, याचा मामाला भारी राग. "त्या बिचारीला विचारलं का कुणी?" म्हणत तो बॅटरीच्या दोन वायरी थेट मोटरला जोडायचा. फिरली, तर चोर स्विचमध्ये नाहीतर वायरिंगमध्ये. नाही फिरली, तर चोर सापडलाच. फिरणाऱ्या मोटरचा आवाजही तो डोळे मिटून ऐकायचा आणि आतला दांडा धरणारं बुश झिजलंय की गिअरचं ग्रीस सुकलंय, ते सांगायचा. आपल्या कानांचा त्याला फार गर्व होता.

मग तेच कान गेले. एकदम नाही, हळूहळू. मामाचं म्हणणं, हल्लीची माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! पण त्याच्या तोंडावर तसं बोलायची कुणाची छाती नव्हती. घरात सगळ्यांची आळीमिळी गुपचिळी, आणि त्यात मामी सगळ्यांत पुढे. गिऱ्हाईक हळू बोललं की ती आतूनच त्याचं म्हणणं मोठ्यानं पुन्हा सांगायची, जणू तिलाच बोलायची हौस.

मामी शाळेच्या मुलांची ने-आण करणारी जुनी व्हॅन चालवते. परवा भर पावसात, पुलाच्या उतारावर, तिचा वायपर मध्येच थांबला. मागे मुलांचा गोंगाट आणि पुढे काचेवर नुसतं पाणी. कशीबशी तिनं गाडी कडेला घेतली, तेवढ्यात मागून आलेला ट्रक आरशाला घासून गेला. कुणाला खरचटलंही नाही. पण घरी आल्यावर मामीला किल्ली खुंटीला अडकवता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामानं काम हाती घेतलं तेव्हा मी तिथेच होतो. "मोटर मागच्याच महिन्यात तपासलीय मी. स्विचच गेला असणार," तो म्हणाला. स्विच काढून त्यानं बल्ब लावून पाहिला. हळू काय, जोरात काय, दोन्हीकडे बल्ब लख्ख पेटला. स्विच निर्दोष सुटला. मग त्यानं मोटर काढून टेबलावर ठेवली आणि बॅटरीला जोडली.

ती फिरली. मी दारात उभा होतो, तरी मला तिचं कण्हणं ऐकू येत होतं. मामानं तिच्यावर हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. आता हा म्हणणार, मोटर ठणठणीत आहे, आणि वायरिंगच्या मागे लागणार. संध्याकाळी त्याच व्हॅनमधून मुलं घरी जायची होती, आणि मामी याला अडवेल असं काही मला वाटत नव्हतं.

"अगं, इकडे ये जरा," मामानं हाक मारली. "मला ऐकू येत नाही. तू ऐक आणि सांग."

हे वाक्य आजवर त्याच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. मामी ओले हात पुसत आली आणि टेबलावर वाकली.

"घरघरतेय," ती मोठ्यानं म्हणाली.

"म्हणजे बुश झिजलंय. टेबलावर फिरते, पण पाती ओढून तापली की अडकते." मामानं तिच्याकडे पाहिलं. "मागच्या महिन्यात मी तपासली, तेव्हाही घरघरत होती?"

मामीनं खाली बघितलं. "हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

मामानं वायर काढली. मोटर थांबली. बाहेर उभ्या व्हॅनच्या मागच्या छोट्या बाकांकडे त्यानं पाहिलं. मला त्या दोघांची दया आली आणि तितकाच रागही आला.

"यापुढे वाटू दे वाईट," तो म्हणाला, आणि त्यानं मोटर खोलायला घेतली.