आईचा गुरुवार

आईच्या आठवड्यात प्रत्येक वाराला मालक होता. सोमवार औंढ्याच्या महादेवाचा, मंगळवार देवीचा, शनिवार मारुतीचा. बुधवारी लेकीला सासरी पाठवायचं नाही. चौथीत असताना मी हे सगळं वहीत उतरून काढलं आणि पुढे माझं घरही त्याबरहुकूमच चालवलं. वारांची नावं ग्रहांवरून पडली हे नंतर वाचलं. गुरुवार हा मूळचा बृहस्पतीचा. आमच्याकडे तो दत्ताचा झाला, आणि गल्लीपलीकडे तीच जुमेरात, दर्ग्यावर ऊद लावायचा दिवस.

सतरा वर्षांपूर्वी धाकट्या बहिणीनं एका मुसलमान घरातल्या मुलाशी लग्न केलं. डोंगरकडा गावात त्याचं शिवणकामाचं दुकान आहे. तेव्हा आईनं माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला. "तिच्याशी बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील." मी बोलले नाही. तिला मुलगी झाल्याचं कळलं, तेव्हा शिवून ठेवलेली दुपटी मी दुसऱ्यांना देऊन टाकली.

गेल्या महिन्यात आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून माहेरी गेले. शुक्रवारी परतायचं ठरलं होतं. बुधवारी सकाळीच आई म्हणाली, "आज गेलीस तरी चालंल."

"आज बुधवार हाय, आई."

"असू दे. बुधवारानं काय व्हतंय?"

जन्मभर बुधवारी मला उंबऱ्याबाहेर न सोडणारी बाई हे म्हणत होती. मी पिशवी भरली नाही. "उद्या दत्ताला तुला कोण नेईल?" म्हटलं.

गुरुवारी तिचा हात धरून निघाले. दत्ताचं देऊळ आणि दर्गा यांच्यामध्ये एक ओटा आहे. तिथं बहीण डबा उघडून बसली होती. केस पांढरे झाले होते, तरी बसायची ढब तीच.

"आई, लई उशीर केलास," ती म्हणाली. मग तिनं मला पाहिलं. "ताईला सांगितलं न्हाई व्हय?"

मी आईला विचारलं, "कधीपासून?"

उत्तर बहिणीनं दिलं. "पोरगी सहा महिन्यांची होती तवापासून. मी दर जुमेरातीला दर्ग्यावर येते, आई दत्ताला."

डब्यात उपासाची भगर होती, आईला लागते तशी, बिनमिरचीची.

"आणि मला शपथ घातलीस ती?"

"तुला घातली व्हती," आई म्हणाली. "म्या कुठं घेतली? तुझ्या सासरचे लोक कसे, ठाव न्हाई का? तू बोलली असतीस तर तुला नांदू दिलं असतं का त्यांनी?"

"मला विचारायचं तरी."

"तू लई नेमाची. तुला काय विचारायचं?"

एक वाजत आला होता, आईच्या डोळ्यात औषध घालायची वेळ. मी पर्समधून औषधाची बाटली काढून बहिणीपुढे धरली. "पट्टी वर करून दोन थेंब. आधी हात धू."

आईनं पट्टी नसलेल्या डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं. "बघ, बोललीस. हाय का न्हाई मी जिती?"

दोघी हसल्या. दर गुरुवारी हसत असणार तशाच, सहज. मी बाटलीचं झाकण हातात घेऊन उभी होते.