काठाकाठानं

शुभदाला नवऱ्याने एकच गोष्ट बजावली होती. "मासे धर, कप जिंक, काय वाट्टेल ते कर. फक्त बाबांचा विषय काढू नकोस. मेधा-अभिजित येतायत."

हे गुरुनाथ गाडीत म्हणाला, २०१७ च्या मे महिन्यातल्या एका रविवारी, ड्रोहेडा या आयरिश शहरातून कॅव्हनच्या बाजूच्या तळ्याकडे जाताना. मेधा-अभिजित म्हणजे मराठी मंडळातलं जोडपं. शुभदाच्या मासेमारी क्लबची ट्राउट मासे धरायची स्पर्धा बघायच्या निमित्ताने ते तळ्याकाठी पिकनिक करायला येणार होते. आणि बाबा म्हणजे शुभदाचे वडील, सोमाजी. जातीने ढिवर. भंडारा जिल्ह्यातल्या आपल्या गावच्या तलावावर त्यांनी डोंग्यातून जाळं टाकलं, आईने टोपली डोक्यावर घेऊन बाजारात मासे विकले आणि त्या माशांवर लेक डॉक्टर झाली. लग्नात मात्र पुण्याच्या सासरी "मत्स्य खात्यात आहेत" असं सांगितलं गेलं. ही युक्ती गुरुनाथची. सोमाजींनीही मान खाली घालून ती मान्य केली, आणि हेच शुभदाला जास्त लागलं. बारा वर्षं ती हा घास गिळत होती.

ती ड्रोहेडाच्या हॉस्पिटलात भूल देते. ऑपरेशन थिएटरमध्ये पेशंट आणणारा डेक्लन हाडाचा मासेमार. त्याने चार वर्षांपूर्वी तिला पहिल्यांदा बोटीत बसवलं. इथली रीत साधी. बोट वाऱ्याला आडवी सोडून द्यायची, वाऱ्याकडे पाठ करून दोघांनी बसायचं आणि बोट वाहील तसतसं पुढच्या पाण्यावर पिसांची माशी बांधलेला गळ अलगद टाकत राहायचं. वाहून झालं की इंजिन लावून परत वर, वारा येतो त्या टोकाला. त्या पहिल्या दिवशी डेक्लनने इंजिन सुरू केलं आणि शुभदाच्या तोंडून निघून गेलं, "मधून नको, काठाने घे."

डेक्लन बघतच राहिला. "हे तुला कुणी सांगितलं? इथे दहा-दहा वर्षं मासेमारी करणाऱ्यांना ते कळत नाही."

सांगितलं होतं सोमाजींनी, तेही तिला नाही, तिच्या भावाला. ज्या पाण्यातून मासा घ्यायचा, त्याच्यावरून डोंगा नेऊ नये. पोरीने तर डोंग्यात पाय ठेवायचा नाही असा घरचा कायदा, म्हणून ती तलावाच्या पाळीवर बसून सगळं ऐकायची, बघायची. पण डेक्लनला ती "असंच, सुचलं" एवढंच म्हणाली. वेळ मारून नेली आणि घरी येऊन स्वतःवरच चिडली. लपवायला कुणी सांगितलेलं नसतानाही आपण लपवलं, याची लाज तिला आजवर वाटत होती.

स्पर्धेत जोडीदार चिठ्ठी टाकून ठरतो. तिच्या नशिबी कॉनर आला, पोलिसातून निवृत्त झालेला, पण हुकूम सोडायची सवय न सुटलेला. बोटीचं पुढचं टोक त्याने न विचारताच घेतलं. "डॉक्टर, तू मागे बस, इंजिन बघ. थकलीस तर सांग." सकाळी तिच्या गळाला एक ट्राउट लागला होता, तो तिने घाईने झटका देऊन घालवला. त्यावर कॉनर दुपारचे सँडविच संपेपर्यंत बोलत होता.

साडेचार वाजले. दोघांच्याही पाट्या कोऱ्या. साडेपाचला स्पर्धा संपल्याची शिट्टी. एवढ्यात बोट एका लव्हाळ्याच्या बेटाजवळून वाहत गेली आणि मागे राहिलेल्या पाण्यावर मासे वर येऊन किडे टिपायला लागले.

"वळव! सरळ वर घे," कॉनर ओरडला.

"सरळ नाही. काठाने."

"वीस मिनिटं जातील, बाई! वेळ कुठे आहे?"

"जाऊ देत. इंजिन माझ्या हातात आहे."

मागे बसवलं होतं ना? मग आता बस बोंबलत, शुभदा मनात म्हणाली. कॉनरने तिला काय काय म्हटलं ते सगळं मराठीत आणण्यासारखं नाही. शुभदाने बोट काठाकडे वळवली आणि लव्हाळ्याला लागून पार वरपर्यंत नेली. पाणी हललं नाही. बोट पुन्हा खाली वाहायला लागली तेव्हा मासे अजून तिथेच होते. तिने माशी टाकली. पाणी फुगलं, माशी दिसेनाशी झाली. या वेळी ती थांबली, मनात एक-दोन म्हटलं आणि मग गळाची काठी उचलली.

चौपन्न सेंटिमीटर. कॉनरनेच मोजपट्टीवर धरून मोजला, पुन्हा मोजला आणि पाण्यात सोडून दिला. "काठाने," तो स्वतःशीच पुटपुटला.

दिवसभरात त्याहून मोठा मासा कुणालाच मिळाला नाही. धक्क्यावर कप देताना स्थानिक पेपरची एक मुलगी वही घेऊन आली. "डॉक्टर, मासेमारी कुणी शिकवली?"

"डेक्लन! हा काय, तिचा कलीग," गुरुनाथ शेजारून घाईघाईने म्हणाला. त्याच्या मागे मेधा-अभिजित उभे होते.

शुभदाने कप खाली लाकडावर ठेवला.

"डेक्लनने माशी बांधायला शिकवलं. पाणी मी बापाकडून शिकले. सोमाजी त्यांचं नाव. ढिवर आहेत. आमच्याकडे मासेमारी करणाऱ्यांची ती जात. मत्स्य खात्यात ते एक दिवसही नव्हते." मग वळून ती मेधाला मराठीत म्हणाली, "आई बाजारात मासे विकायची. मंडळात सांग सगळ्यांना, माझे कष्ट वाचतील."

गुरुनाथचा चेहरा पडला. मेधा काहीतरी "अगं, त्यात काय" म्हणाली. त्यात काय ते शुभदाला पुरतं माहीत होतं.

तिने तिथूनच भंडाऱ्याला फोन लावला. सोमाजींनी सगळं ऐकून घेतलं.

"माहं नाव कायले सांगतलंस वं? लोक का म्हणतीन?"

"म्हणू दे."

म्हाताऱ्याने मग वेगळंच विचारलं.

"पाण्यावरून त नाही ना गेलीस?"

"नाही बाबा. काठाकाठानं गेली मी."

"मंग बरोबर हाये," सोमाजी म्हणाले. "सांग मंग माहं नाव."