तीन बोटांची राख

आमचं गिरजाघर म्हणजे मुळात कडब्याचं गोदाम. चिटगुप्प्याच्या बाजारापासून तीन कोसांवरच्या आमच्या गावात ख्रिस्ती घरं सात. निजामाच्या राज्यात नवं प्रार्थनाघर बांधायचं तर तहसिलीत अर्ज करायचा, आणि अर्जाला उत्तर यायचं तर आयुष्य लांबलचक हवं. म्हणून फादरांनी हे गोदामच मागून घेतलं, भिंतीवर क्रूस ठोकला आणि कामाला लागले. मिस्सेला, म्हणजे फादरांच्या पूजेला, गुडघे टेकले की कडब्याची कुसं टोचायची. प्रायश्चित्त कशाला म्हणतात ते आम्हाला वेगळं शिकवावं लागलं नाही.

फादर दूरच्या थंड मुलखातले. मराठी पुस्तकातून शिकलेले, त्यामुळे दारात आडवी आलेल्या शेळीलासुद्धा "कृपा करून बाजूस होशील काय?" असं विचारत. शेळी हलत नसे. मग ते स्वतःच बाजूला होत. ते पंधरवड्यातून एकदा घोड्यावरून यायचे. एरवी आमचे आत्मे मास्तरांच्या ताब्यात असत. मास्तर म्हणजे आमचे धर्मशिक्षक. आवाज मोठा, छडी लांब, आणि देवाच्या मनातलं देवाच्या आधी ठाऊक.

ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपवासकाळ येतो आणि तो राखेच्या बुधवारी सुरू होतो. मी दहा वर्षांची होते. त्या साली फादरांपुढे माझी पापांची पहिली कबुली आणि ईस्टरला पहिला प्रभुप्रसाद व्हायचा होता. त्यासाठी आईनं स्वतःच्या पांढऱ्या लुगड्यातून माझा झगा बेतून ठेवला होता. बुधवारच्या आधीच्या रविवारी मास्तरांनी सगळ्यांना बसवलं, वही उघडली आणि चाळीस दिवस कोण काय सोडणार ते एकेकानं उठून सांगायचं, असं फर्मावलं.

फादरांनी मांस सोडा म्हणून सांगितलं होतं. यावर गोदामात खसखस पिकली. नाताळानंतर कुणाच्या चुलीवर मटण शिजलं होतं? शेजारच्या बायका आईला विचारायच्या, "तुमच्या उपासाला काय चालतं गं?" आई म्हणायची, "मांस सोडून समदं." त्या म्हणायच्या, "मग आमचा रोजच उपास की!"

तरी मांस सोडणारे चार निघाले. एका म्हातारीनं सुनेशी भांडण सोडलं. सून बाळंतपणाला माहेरी गेली होती आणि ईस्टरपर्यंत येणार नव्हती. एका बाप्यानं शेंदी सोडली. पण चाळिसात रविवार धरत नाहीत हे त्यानं मास्तरांकडून आधीच नीट विचारून घेतलं होतं. पुढे रविवारी तो सहा दिवसांचं मिळून प्यायचा. मास्तरांनी स्वतः राग सोडला, आणि जे हसले त्यांना छडी दाखवली. मी गूळ सोडला. आईला मात्र कुणी विचारलंच नाही. तिनं काय काय सोडलं होतं ते वहीत मावलंही नसतं.

अप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "मी काय सोडू मास्तर? सोडायचं ते कवाच सोडलंय." मास्तरांनी त्यांच्या नावापुढे 'मांस' लिहिलं.

अप्पांनी काय सोडलं होतं ते गावाला ठाऊक होतं. आमचं घर मूळचं महादेवाचं. अंघोळ झाली की कपाळाला विभूती लावायची आणि मगच चुलीकडे जायचं. मी वर्षाची असताना तापानं फणफणले, आणि मिशनच्या दवाखान्यातल्या सिस्टरनं मला वाचवलं. पोरगी जगली तर तुमचा देव माझा, असं अप्पा बोलून बसले होते, आणि बोलले तसं त्यांनी केलं. बाप्तिस्म्याच्या दिवशी मास्तरांनी ओल्या फडक्यानं त्यांच्या कपाळाची विभूती पुसली. त्याच संध्याकाळी थोरल्या भावानं, अण्णांनी, अंगणात मातीची भिंत घालायला घेतली. ती कमरेएवढी झाली आणि तिथंच थांबली, पण बोलणं कायमचं बंद झालं. आई आणि मोठी माय, म्हणजे अण्णांची बायको, भिंतीवरून वाट्या देत-घेत असत. भाऊ मात्र नऊ वर्षं एकमेकांची पाठ बघत होते. या सगळ्याचं कारण मी होते, आणि हे मला कुणी सांगितलं नसलं तरी कळत होतं. मला त्याचं फार वाईट वाटे.

बुधवारी फादर आले. दरसाल ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी आम्ही हातात शिंदीच्या झावळ्या घेऊन गोदामाला फेरी घालायचो. त्या वर्षभर घरात आढ्याला खोचून ठेवायच्या आणि राखेच्या बुधवारी परत आणून जाळायच्या. निम्म्या घरांनी त्यांचे फडे करून अंगण झाडलेलं असे. उरलेल्यांची राख करून फादर ती सगळ्यांच्या कपाळावर लावत. तू माती आहेस आणि मातीला मिळशील, असं लॅटिनमध्ये सांगत, आणि मास्तर ते मराठीत ओरडून सांगत.

अप्पांची पाळी आली. फादरांनी अंगठ्यानं कपाळावर क्रूस काढला. पण कपाळाला राख लागली आणि अप्पांचा उजवा हात आपोआप वर गेला. मधली तीन बोटं एका कानशिलापासून दुसऱ्या कानशिलापर्यंत फिरली, आणि क्रूसाच्या जागी तीन आडवे पट्टे उमटले. डोळे मिटून अप्पा तसेच उभे राहिले. नऊ वर्षांनी त्यांच्या कपाळाला कुणीतरी ओळखीचं भेटल्यासारखं मला वाटलं.

मिस्सा संपल्यावर मास्तरांनी त्यांना दाराशी गाठलं. "हे काय करून ठेवलंय? पुसा आधी!"

"फादर म्हणलेत, सांजंपोतर पुसू नका."

मास्तरांची मोठी पंचाईत झाली. पुसावं तर फादरांची आज्ञा मोडते, ठेवावं तर महादेव गिरजातून बाहेर पडतो. राग तर रविवारीच सोडलेला. ते नुसतेच लाल झाले.

घरी आल्यावर मी घागर घेऊन आडावर गेले. आड भिंतीच्या पलीकडे, अण्णांच्या बाजूला होता. अण्णा दोर ओढत होते. त्यांनी आमच्या अंगणात बैलाला पाणी दाखवणाऱ्या अप्पांकडे बराच वेळ बघितलं. मग जन्मात पहिल्यांदा ते माझ्याशी बोलले.

"पोरी, तुझ्या अप्पानं इभूती लावली व्हय?"

खोटी साक्ष देऊ नकोस, ही आज्ञा मास्तरांनी माझ्याकडून त्याच आठवड्यात वीस वेळा म्हणून घेतली होती. ती तोंडपाठ असताना मी म्हणाले, "व्हय. आजपासनं."

अण्णांनी माझी घागर भरून दिली.

दिवस कलताना भिंत ओलांडून अण्णा आमच्या अंगणात आले. हातात ताट, ताटात होळग्या, पुरणाच्या, तूप ओतलेल्या. सगळ्या गल्लीला गुळाचा वास सुटला होता. आईनं पदर सावरून घोंगडी टाकली. अण्णा बसले आणि ताट त्यांनी अप्पांपुढे सरकवलं.

"पोरगी म्हणली, इभूती लावलास."

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी खांबाआड झाले. राखेच्या बुधवारी एकदाच पोटभर जेवायचं असतं, आणि ते जेवण दुपारीच झालेलं. पण अप्पांना त्याची चिंता नव्हती. मान हलवून ताट ओढायचा अवकाश होता, भाऊ परत मिळत होता. मी मनात म्हणत होते, हलवा मान, हलवा.

"अण्णा," अप्पा म्हणाले, "पोरगी खोटं बोललीय. ही गिरजातली राख हाय. बोटं सवयीनं फिरली. मी हाय तिथंच हाय."

मला वाटलं, आता ताट उचललं जाणार.

"ठाव हाय मला," अण्णा म्हणाले. "शिंदी माझ्याच बांधावरची. दरसाल तुमचा मास्तर न इचारता तोडून नेतो. तिचीच राख करताव, हे मला ठाव न्हाई व्हय?"

"मग आलास कामून?"

"नऊ वर्सं झाली, कायतरी निमित्त घावंल म्हणून बघायलोय. पोरीनं दिलं. आता खातूस का उठू?"

अप्पा खाली बसले. त्यांनी दोन होळग्या खाल्ल्या आणि खाताना राख नाकावर ओघळेपर्यंत रडले. आईनं एक खाल्ली, मी तीन. चाळीस दिवसांचा गूळ सोडायचा माझा निश्चय सूर्य मावळायच्या आतच बुडाला.

झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी माझी पहिली कबुली झाली. मध्ये चादर टांगलेली, पलीकडे फादर. मी गूळ सांगितला. मग खोटं सांगितलं, आणि ते कळावं म्हणून भिंत, शिंदी, मास्तर, सगळंच सांगितलं.

"या असत्याबद्दल तुला पश्चात्ताप होत आहे काय?" फादरांनी विचारलं.

पश्चात्ताप नाही तर क्षमा नाही, क्षमा नाही तर प्रभुप्रसाद नाही, हे मास्तरांनी छडीनं शिकवलं होतं. मला आईचं लुगडं आठवलं. होय म्हणावं तर कबुलीतच दुसरं खोटं.

"न्हाई, फादर."

"आणि गुळाबद्दल?"

"त्याचा होतोय."

"तर गुळापासून प्रारंभ करू. त्या असत्याकरिता तू देवाकडे पश्चात्ताप मागत राहा, तो देईल. आणि उद्याच्या झावळ्या तोडण्यापूर्वी बांधाच्या मालकाची अनुज्ञा घेऊन ये. हेच तुझे प्रायश्चित्त."

मी तशीच धावत अण्णांकडे गेले. मी झावळ्यांचं विचारलं तशी ते नुसतेच हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर कोयता घेऊन बांधावर पोचले, तर शिंदी आधीच तोडलेली. झावळ्यांचा भारा डोक्यावर घेऊन अण्णा गोदामाच्या दारात उभे होते. कपाळावर विभूतीचे ठळक पट्टे. ते आत आले नाहीत. त्यांनी भारा उंबऱ्यावर टेकवला, त्यातली एक चांगली झावळी निवडली आणि आतून आलेल्या अप्पांच्या हातात दिली. पुढच्या साली तिचीच राख अप्पांच्या कपाळाला लागणार होती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

मला प्रभुप्रसाद मिळाला, पांढऱ्या झग्यात. देवाकडे पश्चात्ताप मी अजून दर उपवासकाळात मागते, फादरांनी सांगितलं होतं म्हणून. तो अजून आलेला नाही.