उस्तादांची कापूसवाली

माझे उस्ताद परतूरचे जुने बोर्ड पेंटर. जन्मभर त्यांनी भिंतींवर सिमेंट आणि बियाणं रंगवलं, पण जीव अडकलेला सोव्हिएत राजवटीतल्या प्रचाराच्या पोस्टरांत. एका लाल झेंड्यावाल्या मित्रानं दिलेली पाच-सहा पोस्टरं त्यांनी पेटीत जपली होती. मोजके रंग, ठसठशीत कडा आणि माणूस असा खालून पाहिलेला, की साधा गवंडीही डोंगराएवढा दिसावा. "बातें झूठी होंगी, मगर लकीर देख!" असं म्हणायचे. मरायच्या आधी अशी एक भिंत करायची, एवढीच त्यांची इच्छा होती. पण आता हात थरथरायचा.

मागच्या वर्षी कुंभार पिंपळगावच्या बचत गटानं आपल्या खोलीच्या भिंतीवर कापूस वेचणारी बाई काढून मागितली. मी उस्तादांना घेऊनच गेलो. ते खुर्चीवरून ओरडायचे, "ठोडी ऊपर! और ऊपर!" मी बाईची हनुवटी आणखी वर रंगवायचो. पंचावन्नाव्या वर्षीही त्यांच्यासमोर माझी बोलती बंदच. तीन दिवसांत बाई उभी राहिली. लाल आभाळ, पैलवानी दंड, नजर थेट ढगांत, हातात कापसाचं बोंड. काय खूश होतो आम्ही!

बायका आल्या, बघितलं आणि हसत सुटल्या.

"दंड बराबर हायेत," गटाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "पण हिच्या कमरंला ओटी कुठंय? येचलेला कापूस काय डोक्यावर ठिवती? आन् आभाळाकडं बघून कोण येचतं? वाकावं लागतं, पेंटरभाऊ. चुना मारा हिला."

बाईंचं खरं होतं. पोस्टरातल्या रशियन बाईच्या हातातली गव्हाची पेंढी काढून मी नुसतं बोंड दिलं होतं. वेचणीला आम्ही दोघंही कधी गेलोच नव्हतो.

उस्ताद काठी टेकत उठले. "चूक माझी हाय, बाई. पण दिवसभर वाकल्यावर कंबर सरळ करायला उभ्या ऱ्हाता का न्हाई?"

"ऱ्हातो की."

"मंग ही तवाची."

ब्रश त्यांनी स्वतःच घेतला. कमरेला ओटी काढली. हात थरथरत होता, आणि त्या थरथरीनंच ओटीतून उतू जाणारा कापूस असा फुलला, की तसा माझ्या हातून जन्मात झाला नसता. मला आनंदानं रडूच आलं.

अध्यक्षबाई भिंतीजवळ गेल्या. मग म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, चाचा. मी बी रानात अशीच उभी ऱ्हाते. पण आजवर कुणी बघितलं नव्हतं."